खापरासाठी एक खोली

चाळीसगाव स्टेशनवर उतरणारा पाहुणा बहुधा पाटणादेवीची नाहीतर पितळखोऱ्याची वाट विचारतो. स्टेशनाजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे आणि ते आता संग्रहालय आहे, हे त्याला गावातल्या कुणी सांगितलं तरच कळतं. सांगणारा भेटला तरी तो आधी त्यांच्या एकांताची गोष्ट सांगतो. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावच्या घरात राहिला आणि १९८९ साली वारला तोवर जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. या गोष्टीपायी चार माणसं त्या घरात जात असतील तर चांगलंच आहे. मला मात्र ते घर ओढतं ते तिथल्या कामामुळे.

मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं हा त्या कामाचा गाभा. एका टेबलावर घरातल्याच साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर प्रकाश असा सोडायचा की फोटोत टेबल नाहीसं व्हावं आणि मोठं दृश्य उभं राहावं. फोटोसमोर उभं राहिलं की डोळा आधी फसतो आणि मग शोधायला लागतो: हे कशाचं केलं असेल? याच माणसाचं कागदकाम, लाकूडकाम, मातीकाम त्याच घरात आहे. फोटोतली सावली आणि कात्रीनं कापलेल्या कागदाची कड एकाच हाताची आहे, हे आपलं आपल्याला उमगतं, कुणी सांगावं लागत नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात असं क्वचितच होतं. तिथे दालनामागून दालन येतं, पाय दुखायला लागतात, नजर वस्तूंवरून घसरत जाते आणि शेवटी लक्षात राहतं ते कँटीन. लहान संग्रहालयात माणूस वस्तूजवळ थांबतो, कारण पुढे धावण्यासारखं फारसं काही नसतं.

म्हणून खान्देशात कारागिरीचं आणि रचनेचं संग्रहालय हवं का, हा विषय निघाला की मी हवंच म्हणतो. पण लगेच पुढचंही म्हणतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एक भव्य सांस्कृतिक संकुल, समोर कारंजी, आत पुतळे, उद्घाटनाला मंत्री, अशी मागणी अधूनमधून होत असते. त्या मागणीला माझा विरोध आहे. आपल्याला लहान संग्रहालयं हवीत, तालुक्या-तालुक्यात हवीत, आणि त्यांनी वस्तू गोळा करण्याआधी ती वस्तू करण्याची रीत ती करणाऱ्या माणसाकडून, त्याला मोबदला देऊन, नोंदवून घ्यायला हवी. हा क्रम उलटा झाला तर उरतील फक्त काचेची कपाटं.

उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरचं आहे. खापर.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे सणावाराला, लग्नकार्याला पुरणाचे मांडे होतात आणि ते तव्यावर होत नाहीत. चुलीवर मातीचं मोठं, घुमटासारखं खापर पालथं घालतात. मांडे करणारी बाई पुरण भरलेला उंडा घेते, आधी तळहातांवर वाढवते, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत मनगटाच्या पुढे, पार कोपरापर्यंत नेते. पोळी इतकी पातळ होते की पलीकडचा जाळ दिसावा. मग एका झोक्यात ती खापरावर जाते. सुरकुती नाही, भोक नाही. बघणाऱ्याचे डोळे त्या बाईच्या हातांवर खिळतात आणि ते रास्तच आहे. पण तिच्या हातांखाली जी वस्तू आहे तिच्याकडे बघायला आपण शिकलेलोच नाही.

त्या खापराचा बाक बघा. मांडे करणाऱ्या बाया सांगतात की उतार जास्त झाला तर मांडा खाली ओघळतो आणि कमी झाला तर मधे करपतो, कडा कच्च्या राहतात. म्हणजे तो बाक ठरवून आलेला आहे. कुंभारानं एक घडवलं, बाईनं वापरलं, पुढच्या बाजाराला तिनं येऊन सांगितलं की जरा सपाट हवं, त्यानं पुढचं तसं केलं. पिढ्यानपिढ्या हे बोलणं चाललं असणार. जाळ सोसावा म्हणून मातीत राख घालायची, लीद घालायची. लीद भट्टीत जळून जाते, तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात आणि तापलेली माती त्या पोकळ्यांच्या आधारानं ताण सोसते. काठ किती जाड ठेवायचा, सावलीत किती वाळवायचं, आव्यात कुठल्या जागी रचायचं, हे सगळं ज्ञान आहे. ते कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवलं जात नाही म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही.

गिरणेच्या काठच्या एका गावात खापरं घडवणाऱ्या आजीबाईंना मी विचारलं, अजून घडवता का? त्या म्हणाल्या, “आते कोन लेस खापर, जिभाऊ?” आता कोण घेतं? आणि लगेच उठून आतून एक घेऊन आल्या. बोटाच्या पेरानं ठोकून दाखवलं. आवाज खणखणीत आला तर पक्कं भाजलेलं, बद्द आला तर समजायचं कुठेतरी चीर आहे. आतून दगड धरायचा आणि बाहेरून थापीनं ठोकत बाक आणायचा, हे त्यांनी रिकाम्या हातांनीच, हवेत करून दाखवलं. मनगट कुठे वळतं, ठोका कुठे हलका होतो, ते तेवढ्यात दिसलं. त्यांची मुलं बांधकामावर आहेत, सुना शेतमजुरीला जातात. हे हातांतलं ज्ञान त्यांच्यानंतर कुणाकडे जाणार, याचं उत्तर त्या घरात नव्हतं आणि त्यात त्या घराचा काही दोष नाही.

आता हेच खापर संग्रहालयात गेलं तर काय होतं? आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांत त्याच्याखाली पाटी येईल: “खापर, माती, विसावं शतक.” ही पाटी काहीच सांगत नाही. कुणी घडवलं? माती कुठल्या पात्रातली? लीद किती, राख किती? ते कुणासाठी घडवलं आणि पैशांत दिलं की धान्यात? काचेमागे ते ठेवलं की ठोकून बघता येत नाही, उचलून वजन कळत नाही, पालथं घालून बाक दिसत नाही. ज्या गुणांमुळे ती वस्तू थोर आहे, तेच गुण काच काढून घेते.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून देशभर फिरलं आणि त्यांनी सरकारला अहवाल दिला. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली ती त्याच अहवालाच्या वाटेनं. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला आहे तो आपल्या साध्या लोट्याला. तो डोक्यावर कसा तोलतो, कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा बदलतो, धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किंमत किती, असे प्रश्नांवर प्रश्न त्यांनी लिहिले. आणि असं म्हटलं की लोटा कुणा एकट्यानं रचलेला नाही, पिढ्यांनी मिळून रचलेला आहे. मला या प्रश्नांचं मोल फार वाटतं. परदेशातून आलेल्या दोन माणसांनी लोट्याला जे विचारलं, ते आपण आपल्या खापराला, टोपलीला, बैलगाडीच्या जुवाला विचारलंय का?

भरताचंच बघा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच झाला, शेतकऱ्यांच्या कष्टाचं ते चीज आहे. पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं ते वांगं ज्या लाकडी बडगीत ठेचलं जातं, ती बडगी कोणत्या लाकडाची असावी म्हणजे वास लागत नाही, तिचा पोट-घेर केवढा असावा म्हणजे ठेचताना देठ बाहेर उडत नाहीत, कुठल्या गावचा सुतार ती चांगली करतो, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. वांग्याची नोंद सरकारदरबारी आहे, बडगीची नाही. घरोघरी मिक्सर आला, त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. पण एक पिढी गेल्यावर मुलांना बडगी दाखवायची झाली तर ती कुठे दाखवणार?

आपण जपणूक करत नाही असं नाही. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे डिसेंबर १९२६ मध्ये धुळ्यात वारले आणि लोकांनी त्यांचा कागदपत्रांचा वारसा वाऱ्यावर सोडला नाही. त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं जिवापाड सांभाळलेली आहेत. जळगावला जैन हिल्सवर २०१२ पासून गांधी तीर्थ आहे आणि तिथे देशभरातून माणसं येतात. म्हणजे कागद, पोथी, शिलालेख, मूर्ती, थोरांचं चरित्र या गोष्टी जपायला खान्देश मागे हटलेला नाही. मागे राहिली ती फक्त हातानं करायची गोष्ट. पोथी आपण सांभाळली. पोथीचा कागद ज्यांनी केला त्यांचं काय? एरंडोल आणि यावल ही गावं एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेली होती, ब्रिटिश काळच्या गॅझेटियरात त्यांचा तसा उल्लेख आहे. आज एरंडोलच्या शाळेतल्या मुलीला लगदा कसा कुटतात, चाळणीवर तो एकसारखा कसा उचलतात, वाळलेला ताव दगडानं घोटून गुळगुळीत कसा करतात, हे तिच्या गावात दाखवता यायला हवं. तिच्याच गावचं ते ज्ञान आहे.

आणि रचनेचा विषय निघाला की मला फैजपूर आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या या गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शाळेच्या पुस्तकात एवढंच येतं. पण गांधीजींनी त्या अधिवेशनाच्या नगराची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे दिली आणि अट घातली की जे काही करायचं ते गावात मिळणाऱ्या सामानातून, गावच्या हातांनी करायचं. बांबू, चटया, गवत, माती यांतून टिळकनगर उभं राहिलं. खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरलं. देशातल्या पहिल्या प्रतीचा चित्रकार आणि खान्देशातले सुतार, बुरूड एकाच मांडवाखाली काम करत होते. पुढे १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी केलेली चित्रं जगभर गाजली, त्यांच्यावर आजही लिहिलं जातं. फैजपूरचं बांबूकाम अधिवेशन संपल्यावर उतरवलं गेलं, आणि ते तसंच व्हायचं होतं. पण ते कसं उभं केलं, ते कोणत्या हातांनी केलं, याची एक खोली फैजपूरात असायला नको का? भारतीय डिझाईनच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आपल्या केळीच्या बागांमध्ये घडला आणि आपण त्याची ओळख फक्त राजकीय अधिवेशन म्हणून ठेवली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. कारागिरीचं कौतुक करणारे बहुतेक लोक ती करणारे नसतात. कुंभार, बुरूड, चांभार, लोहार ही आपल्याकडे कामांची नावं आहेत तशीच जातींचीही आहेत. मोट शिवणाऱ्याच्या हाताचं पाणी मोटेवर शेती करणाऱ्याच्या घरी चालत नव्हतं. ज्यानं चामडं असं शिवलं की विहिरीतून दिवसभर पाणी ओढूनही टाका उसवू नये, त्याला गावात पायरीवर बसायची मुभा नव्हती. अशा वेळी कुणी मोट काचेत टांगून “आपला समृद्ध वारसा” म्हणू लागला तर त्या घरातल्या नातवाला राग यावा हे स्वाभाविक आहे. वारसा कुणाचा, आणि समृद्धी कुणाची?

मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. आणि याच कारणासाठी मी वस्तूच्या आधी माणसाची नोंद मागतो. मोटेच्या पाटीवर शिवणीची रीत जशी हवी तशी ही गोष्टही हवी की ती शिवणाऱ्याला कसं वागवलं गेलं, बलुतं किती मिळायचं, कधी मिळायचं नाही. हे त्याच्याच घरच्या माणसाच्या शब्दांत हवं. कारागिराच्या मुलानं कारागीरच व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. त्याला वाटलं तर व्हावं, नाहीतर इंजिनीअर व्हावं, तहसीलदार व्हावं. पण त्याच्या आजोबांनी जे ज्ञान कमावलं ते अडाण्याचं काम म्हणून पुसलं जाऊ नये, त्याला नाव असावं. आपण ज्या देवळांच्या शिल्पांपुढे माना डोलावतो त्यांच्या घडवणाऱ्यांची नावं शोधत बसतो आणि सापडत नाहीत. आज हयात असलेल्या माणसाचं नाव लिहायला तर फक्त एक वही लागते.

सातपुड्यात हाच प्रश्न आणखी नाजूक होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आता सगळ्यांच्या मोबाईलवर पोचली आहे. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला बांधलेले भोपळे, घुंगरं, ढोल. बाहेरचा माणूस फोटो काढून परततो. तो टोप बांबूच्या सांगाड्यावर कसा बांधतात, रात्रभर नाचूनही तो डोक्यावरून हलत कसा नाही, हा रचनेचा केवढा मोठा धडा आहे. पण त्या टोपाला होळीचे नेम आहेत, व्रत आहे. तो कुठे ठेवायचा, ठेवायचा की नाही, हे ठरवायचा हक्क तो घालणाऱ्यांचा आहे. पावरा, भिल्ल, तडवी माणसांचे मेणाचे नाहीतर प्लास्टरचे पुतळे करून त्यांना तिरकमठे देऊन उभं करण्याची जी पद्धत आपल्याकडच्या संग्रहालयांत रुळली आहे ती मला अपमानास्पद वाटते. ज्या समाजाची माणसं दारासमोरून चालत बाजाराला जातात त्यांचे पुतळे कशाला? शेजारच्या गुजरातेत छोटा उदेपूरजवळ तेजगढला आदिवासी अकादमीचं संग्रहालय आहे, ते ज्यांचं आहे त्यांनाच सोबत घेऊन उभं राहिलं. नंदुरबारपासून ते फार लांब नाही. आपल्या अधिकाऱ्यांनी परदेश दौऱ्याआधी तिथे एकदा जाऊन यावं.

बांबूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट राहू नये. कारागिरी फक्त गिऱ्हाईक नसल्यानं मरते असं नाही, कच्चा माल न मिळाल्यानंही मरते. कित्येक वर्षं बांबू कायद्यानं झाड मानला जात होता आणि तोडणीला, वाहतुकीला परवाने लागायचे. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू त्यातून सुटला. टोपली विणणाऱ्याच्या आयुष्यात या एका दुरुस्तीचं महत्त्व कुठल्याही हस्तकला महोत्सवापेक्षा जास्त आहे. कारागिरीच्या संग्रहालयात टोपलीशेजारी हा कायदाही चार ओळींत लिहिलेला असावा. कुंभाराला माती कुठून मिळते, तलावातला गाळ उचलायला कुणाची परवानगी लागते, हेही असावं. वस्तू आकाशातून पडत नाही.

रचना म्हणजे फक्त हातात धरता येणारी वस्तू, असंही मी मानत नाही. पांझरेच्या खोऱ्यात, साक्री-धुळ्याच्या बाजूला, फडाची पद्धत कित्येक शतकं चालली. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यानं पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा एकट्याच्या माथी येत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. पंप नाही, वीज नाही, उतारावर पाणी आपोआप पोचतं आणि माणसांच्या भांडणावरही तोडगा त्याच आखणीत बसवलेला आहे. डिझाईन शिकवणाऱ्या संस्था ज्याला प्रणालीची रचना म्हणतात, तिचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. साक्रीच्या एखाद्या शाळेत वाळू, दगड आणि पत्र्याची पन्हळ घेऊन फडाची चालती प्रतिकृती करता येईल. मुलांनी त्यात पाणी ओतावं, एक फड बंद करावा आणि कुणाला किती पोचतं ते मोजावं. त्याला वातानुकूलित दालन लागत नाही.

आता पैशाचं. मोठ्या इमारतीला निधी मिळतो कारण इमारतीची निविदा निघते, कोनशिला बसते. पाच वर्षांनी छत गळायला लागतं तेव्हा देखभालीचं लेखाशीर्ष रिकामं असतं. कुलूप लागतं, किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं लागतं. असं कुलूप मी पाहिलेलं आहे आणि वाचकांनीही पाहिलं असेल. लहान खोलीला हे ओझं झेपतं. आपल्या तालुक्याच्या गावांत जुनी सार्वजनिक वाचनालयं आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं, ग्रंथपाल असतो, संध्याकाळी चार माणसं तिथे पेपर वाचायला जमतातच. त्यांतल्या एका खोलीत दहा वस्तूंनी सुरुवात करता येते. त्या वस्तू उचलता याव्यात, ठोकता याव्यात, फुटली तर दुसरी आणता यावी. कारण ती घडवणारा माणूस त्याच तालुक्यात आहे आणि दुसरी त्याच्याकडून विकत घ्यायची आहे. संग्रहालयानं गिऱ्हाईक व्हावं, ही माझी अगदी व्यवहारी मागणी आहे.

सरकारी योजनाही हाताशी आहे. सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, लोहार, सुतार, चांभार, टोपल्या-चटया विणणारे असे १८ व्यवसाय घेतलेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, पुढे सवलतीचं कर्ज. योजना चांगली आहे, पण तिच्यात कारागीर शिकणाऱ्याच्या बाकावर बसतो. पन्नास वर्षं खापर घडवलेल्या बाईला शिकवणारीच्या खुर्चीवर कोण बसवणार? तालुक्याच्या त्या खोलीत महिन्यातून दोन दिवस तिला शाळेच्या मुलांपुढे काम करायला बोलवावं आणि पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढं मानधन द्यावं. शाल-श्रीफळ नको, मानधन हवं.

पुण्याचं केळकर संग्रहालय सगळ्यांना ठाऊक आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव, वाड्या-वस्त्या फिरून अडकित्ते, दिवे, दरवाजे, भांडी अशा हजारो रोजच्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं समाजाला देऊन टाकल्या. एका माणसाच्या आयुष्यभराच्या पायपिटीतून हे उभं राहिलं. ते वाड्यांच्या अडगळीतून वस्तू मिळवत होते तेव्हा करणारे हात अजून सगळीकडे होते, वस्तू वाचवणं हीच तेव्हाची निकड होती. आज उलट आहे. वस्तू भंगारवाल्याकडे, जुन्या बाजारात, इंटरनेटवरही मिळते. हात मिळत नाहीत. म्हणून आज कुणा तरुणाला केळकरांसारखी पायपीट करावीशी वाटली तर त्यानं पिशवी घरी ठेवावी आणि मोबाईल न्यावा. प्रत्येकाच्या खिशात चांगला कॅमेरा आहे. आजी थापी मारताना त्यांच्या मनगटाचा व्हिडिओ, त्यांच्याच अहिराणीत किंवा लेवा बोलीत त्यांचं सांगणं, मातीचं, लीदेचं माप, आणि खाली त्यांच्या संमतीनं त्यांचं नाव. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालयं तिन्ही जिल्ह्यांत पसरलेली आहेत. मराठीच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो आणि त्यातले कितीतरी प्रकल्प इकडून तिकडून उतरवलेले असतात, हे शिकवणाऱ्यांना माहीत आहे. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावातल्या एका कारागिराची एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत नोंदवावी आणि ती नोंद तालुक्याच्या वाचनालयात जमा करावी. दोन-तीन वर्षांत असं भांडार तयार होईल की मुंबई-अहमदाबादचे डिझाईनचे विद्यार्थी ते बघायला पारोळ्याला, शहाद्याला, रावेरला येतील.

याला जिल्हा नियोजन समितीकडून लागणारी रक्कम एका कमानीच्या खर्चाहून जास्त नसेल. पण ती दरवर्षी लागेल, आणि ती भिंतींवर न जाता माणसांवर जावी: नोंद घेणाऱ्याचं मानधन, कारागिराचं मानधन, वस्तूंची खरेदी आणि खोली उघडी ठेवणाऱ्या एका माणसाचा पगार. आराखड्यात हे चार खर्च आधी लिहावेत. इमारतीची ओळ सध्या कोरी ठेवली तरी चालेल. गिरणाकाठच्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यामुळे पहिली नोंद याच आर्थिक वर्षात व्हायला हवी.